एकट्याचे खूळ आणि चौघांचा छंद

गेल्या महिन्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्ही देवळाच्या पायरीवर उभे होतो. तोच एक माउली पदर सावरीत आमच्याजवळ आली. तिच्या हाती शाळेची एक वही होती व तिची तीन-चार पाने फाटलेली दिसत होती. ती वही उघडून तिने आमच्यापुढे धरली. भूगोलाच्या टिपणांच्या मधोमध निळ्या शाईने कसलीशी वाहने काढलेली होती; विमानासारखी, परंतु पंख नसलेली. प्रत्येक वाहनाच्या पोटात लहान लहान खोल्या आखून त्यांची नावेही लिहिली होती : स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, दवाखाना, आणि एका कोपऱ्यात लहानसे देऊळ.

"सांगून सांगून आम्ही थकलो," ती म्हणाली. "चौदा वर्षांचा घोडा झाला, पण चित्त जमिनीवर नाही. आकाशातल्या गोष्टी वाचतो आणि ह्या होड्या काढीत बसतो. परवा ह्याच्या बाबांनी रागाच्या भरात पाने फाडली. तेव्हापासून जेवायला बसतो, पण तोंडातून अक्षर काढीत नाही. शाळेतली पोरे त्याला मंगळावरचा पाव्हणा म्हणतात. त्याचे डोके ठिकाणावर आहे ना, एवढेच आम्हाला सांगा."

डोके ठिकाणावर आहे, असे आम्ही तिला तेथेच सांगितले. पण तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही, आणि खरे म्हणजे आमचेही झाले नाही. कारण प्रश्न त्या वहीचा नव्हता. जेवावयास बसून न बोलणाऱ्या मुलाचा होता. म्हणून ह्या आठवड्याचे हे सदर आम्ही त्या माउलीस आणि तिच्यासारख्या इतर आईबापांस उद्देशून लिहीत आहोत.

आपली मराठी भाषा ह्या बाबतीत मोठी मार्मिक आहे. एखादा मनुष्य एकटाच एखाद्या गोष्टीच्या मागे लागला, की आपण त्यास खूळ म्हणतो. घरच्यांस त्याचा उपद्रव होऊ लागला, म्हणजे त्याचा नाद होतो. आणि तीच गोष्ट चौघांनी मिळून केली, की तिला छंद हे भारदस्त नाव मिळते. नाताळापूर्वी महिनाभर आपल्या गावची तरुण मुले भुसा, डिंक, रंगीत कागद आणि बांबूच्या कामट्या घेऊन गोठा रचण्यासाठी रात्री जागवितात. त्यांस कोणी वेडे म्हणत नाही. कारण सगळा धर्मग्राम त्यांच्यासह त्या कामात असतो. तेच काम एखाद्या मुलाने ऐन वैशाखात एकट्याने आरंभिले, तर त्याची आई आमच्याकडे चौकशीस येईल! काम तेच, हातही तेच; भेद एवढाच, की एकास सोबत आहे आणि दुसऱ्यास नाही.

आता ज्या गोष्टी तो मुलगा वाचतो, त्यांस विज्ञानकथा म्हणतात. शास्त्राचा एखादा धागा धरून 'असे झाले तर?' हा प्रश्न त्या विचारतात. मनुष्य दुसऱ्या ग्रहावर राहावयास गेला तर? यंत्र विचार करू लागले तर? ह्या गोष्टींचे वाचक फार दिवस जगभर एकएकटेच होते. त्यांस एकमेकांची सोबत कशी मिळाली, ही हकीकत मोठी बोधप्रद आहे.

लक्झेंबर्ग ह्या चिमुकल्या देशात जन्मलेले ह्यूगो गर्न्सबॅक नावाचे एक गृहस्थ १९०४ साली अमेरिकेस गेले. विजेचे व बिनतारी यंत्रांचे सुटे भाग विकण्याचा व त्यांविषयीची मासिके काढण्याचा त्यांचा व्यवसाय होता. १९२६ च्या एप्रिल महिन्यात त्यांनी 'अमेझिंग स्टोरीज' नावाचे मासिक काढले. केवळ विज्ञानकथांस वाहिलेले हे पहिले मासिक होय. त्या मासिकाच्या अखेरीस वाचकांची पत्रे छापली जात आणि पत्राखाली लिहिणाऱ्याचे नाव व पत्ता असे. ही गोष्ट किरकोळ दिसते. पण तिच्यातून जे घडले ते किरकोळ नव्हते. वाचकांनी संपादकास लिहिणे सोडून एकमेकांसच लिहावयास आरंभ केला. दोनशे कोसांवरील एका गावच्या मुलास कळले, की आपल्यासारखाच एक वेडा दुसऱ्या गावी आहे! १९३० च्या मे महिन्यात अशाच पत्रमित्रांच्या एका मंडळाने 'द कॉमेट' नावाचे हौशी पत्रक काढले. पुढे अशा पत्रकांचा महापूर आला. त्यांस 'फॅनझीन' हे नाव १९४० साली ज्याने दिले, त्या लुई रसेल शॉव्हने ह्या तरुणास कानांनी ऐकू येत नव्हते. पत्राने बोलणाऱ्यांच्या मेळ्यात त्याचे काहीच अडले नाही.

ह्यांपैकी एका शेतकऱ्याच्या मुलाची गोष्ट आमच्या वाचकांस विशेष जवळची वाटेल. जॅक विल्यमसन हा १९०८ साली जन्मला. त्याचे कुटुंब १९१५ साली छताच्या गाडीत संसार घालून न्यू मेक्सिकोच्या कोरड्या मुलखात शेती करण्यास आले. जमीन रुक्ष, शेजार विरळ. अशा ठिकाणी त्या मुलाने एक जाहिरात पाहून 'अमेझिंग स्टोरीज'चा एक फुकट अंक मागविला. तो वाचून तो स्वतः लिहू लागला आणि १९२८ च्या डिसेंबरात, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याची पहिली कथा त्याच मासिकात आली. नेब्रास्का प्रांतातील लिंकन शहरी माइल्स ब्रुअर नावाचे एक डॉक्टर अशाच कथा लिहीत असत. त्यांच्याशी जॅकची पत्रांनी ओळख झाली. ह्या वडीलधाऱ्या डॉक्टरांनी त्या खेडवळ मुलाच्या लेखनास टपालातून वळण लावले. दोघांनी मिळूनही लिहिले. हाच विल्यमसन पुढे विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि २००६ साली वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी निवर्तला तोवर लिहीत होता. परग्रहाची भूमी मनुष्याच्या वस्तीस योग्य करण्याच्या कल्पनेस आज शास्त्रज्ञ 'टेराफॉर्मिंग' म्हणतात. तो शब्द १९४२ साली ह्याच शेतकरीपुत्राच्या कथेत प्रथम आला.

तथापि जेथे माणसे जमतात तेथे भांडणेही जमतात, हे आपण आपल्या मंडळांतून पाहतोच. १९३९ च्या जुलै महिन्याच्या आरंभी न्यूयॉर्क येथे ह्या कथाप्रेमींचे पहिले जागतिक संमेलन भरले. सुमारे दोनशे माणसे जमली. नाव जागतिक, पण बहुतेक सर्व जवळपासचीच! आणि त्या पहिल्याच संमेलनाच्या दारात सहा तरुणांस आत येण्यास मनाई झाली. कारण ते विरुद्ध गटाचे होते व आत येऊन गोंधळ करतील असे चालकांस वाटले. फ्रेडरिक पोल हा त्या सहांपैकी एक. तो पुढे नामांकित लेखक व संपादक झाला. स्वतः जगाच्या थट्टेने पोळलेली माणसेही दार लावून घेण्यास किती तत्पर असतात, हे ह्यावरून दिसते. छंदाने माणूस आपोआप साधू होत नाही. छंद केवळ माणसांस एका ओसरीवर आणतो. तेथे कसे वागावयाचे, ते त्यांच्या अंतःकरणावर असते.

ते अंतःकरण कसे असावे, हे सांगण्यासाठी आम्ही आता आयर्लंडच्या उत्तर भागातील बेलफास्ट शहरी येतो. ह्या शहरात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट ह्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर. मोहल्ले वेगळे, शाळा वेगळ्या, नोकऱ्या वेगळ्या. केवळ नावावरून आणि राहण्याच्या गल्लीवरून माणसाची परीक्षा होत असे. ह्या शहरात १९२८ च्या एप्रिलात जेम्स व्हाइट नावाचा एक कॅथलिक मुलगा जन्मला. डॉक्टर व्हावे ही त्याची मोठी इच्छा. पण घरी पैसा नव्हता. तेव्हा १९४३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो कपडे शिवून विकणाऱ्या दुकानात नोकरीस लागला आणि वीस-बावीस वर्षे त्याच धंद्यात राहिला. दिवसा गिऱ्हाइकांची मापे घ्यावयाची आणि रात्री विज्ञानकथा वाचावयाच्या, असा त्याचा क्रम होता.

त्याच शहरात वॉल्टर विलिस नावाचा एक प्रॉटेस्टंट गृहस्थ सरकारी कचेरीत नोकरी करीत होता. त्यासही हेच वेड. १९४७ साली ह्या दोघांची गाठ पडली. जेम्स तेव्हा एकोणीस वर्षांचा आणि विलिस अठ्ठावीसच्या घरातला. धर्म, वय, शिक्षण, नोकरी सगळेच भिन्न. पण दोघांनी तीच पुस्तके वाचलेली. पुढच्याच वर्षी, १९४८ साली, 'स्लँट' नावाचे एक हौशी पत्रक विलिसच्या घरून निघू लागले. ते एका लहानशा हातयंत्रावर छापले जाई. छापखान्यात ज्यांनी काम पाहिले आहे त्यांस ठाऊक असेल, की एक एक खिळा उचलून ओळ जुळविणे, ती बांधणे, शाई लावणे, कागद दाबणे आणि मग तेच खिळे पुन्हा आपापल्या घरात टाकणे किती जिकिरीचे असते. ते सारे ही मंडळी नोकरी सांभाळून, पदरचे पैसे खर्चून, शे-दीडशे परक्या वाचकांसाठी करीत. पत्रकातील चित्रांचे ठसे जेम्स व्हाइट लिनोलियमच्या तुकड्यावर चाकूने कोरीत असे. शिंप्याच्या दुकानात कात्री धरणारे हात रात्री आकाशयाने कोरू लागले!

विलिसच्या घराच्या माळ्यावर ही मंडळी जमत. बॉब शॉ हा तिसरा तरुणही त्यांत होता. तोही पुढे मोठा लेखक झाला. छपाई झाली, की तेथेच पुठ्ठ्याचे तुकडे हाती घेऊन बॅडमिंटनसारखा एक दांडगा खेळ चाले. त्या खेळाचे नियम त्यांनीच केलेले आणि बहुधा त्यांनीच मोडलेले! १९५४ साली विलिस व शॉ ह्यांनी जॉन बनियनच्या यात्रिकाच्या रूपकाच्या धर्तीवर एक गमतीची गोष्ट लिहिली. तिच्यातील नायक सर्वोत्तम पत्रक छापण्यासाठी एका मंतरलेल्या चक्रमुद्रण यंत्राच्या शोधात निघतो. वाटेत नाना मोह टाळून तो तेथे पोहोचतो, तो यंत्र जुनेपुराणे निघते. मंत्र यंत्रात नसतो. ते फिरविणाऱ्या हातांच्या प्रीतीत असतो, हे त्यास शेवटी कळते. हसता हसता सांगितलेली ही गोष्ट आम्हांस फार खरी वाटते.

बेलफास्टच्या ह्या माळ्यावरील पत्रक समुद्रापार अमेरिकेत वाचले जाऊ लागले. तेथील छंदप्रेमींस विलिसची भेट घ्यावीशी वाटली; पण साध्या कारकुनाजवळ अमेरिकेच्या प्रवासाचे पैसे कोठून असणार? तेव्हा ज्यांनी त्यास कधी पाहिले नव्हते, त्यांनी थोडी थोडी वर्गणी गोळा करून १९५२ साली त्यास शिकागोच्या संमेलनास नेले. ह्या अनुभवातून १९५३ साली एक कायमचा निधी उभा राहिला. समुद्राच्या एका तीरावरील छंदप्रेमीस दुसऱ्या तीरावरील मित्रांच्या भेटीस पाठविण्याचे त्याचे काम आजही चालू आहे. आपल्या धर्मग्रामात मूठ मूठ तांदूळ जमवून सणाचे जेवण होते, त्यातलाच हा प्रकार नव्हे काय?

आता जेम्स व्हाइटचे काय झाले ते ऐका. मासिकांतून त्या काळी अणुयुद्धाच्या व विनाशाच्या कथांचा सुकाळ झाला होता. 'स्लँट'च्या मंडळींस त्यांचा कंटाळा आला. मित्रांनी जेम्सला आव्हान दिले, की तुला ज्या कथा आवडतात तशी एक तूच लिहून दाखव. त्याने लिहिली, आणि १९५३ च्या जानेवारीत ती इंग्लंडमधील 'न्यू वर्ल्ड्स' मासिकात छापून आली. चार वर्षांनी, १९५७ साली, त्याच मासिकात त्याने एका रुग्णालयाच्या कथेस आरंभ केला. हे रुग्णालय अंतराळात, ताऱ्यांच्या दूर काठाशी, अधांतरी तरंगते. त्याचे मजले तीनशे चौऱ्याऐंशी. तेथे नाना ग्रहांवरील नाना आकारांचे प्राणी रोगी म्हणून येतात. कोणास सहा पाय, कोणी पाण्यात राहणारा, कोणी विषारी वायू श्वासात घेणारा. आणि डॉक्टरही तसेच नाना जातींचे.

ह्या कथांतील एक कल्पना आम्हांस फार मोलाची वाटते. परक्या जातीच्या रोग्यावर उपचार करावयाचे, तर डॉक्टरास त्या जातीच्या एखाद्या थोर वैद्याच्या आठवणी काही काळ स्वतःच्या मस्तकात भरून घ्याव्या लागतात. त्यासरशी केवळ ज्ञानच नव्हे, तर त्या परक्या प्राण्याच्या आवडीनिवडी, भीती, चिडचिड, सारेच डॉक्टराच्या मनात शिरते. ते त्रासदायक असते. पण त्यावाचून परक्याचे दुखणे कळत नाही. ज्याने हे लिहिले त्याच्या शहरात माणसे शेजारच्या गल्लीतील माणसाचेही मन समजून घेण्यास तयार नव्हती, हे ध्यानात आणले म्हणजे ह्या कल्पनेचे मोल कळते. त्याच्या नायकांच्या हाती शस्त्र असते ते शस्त्रक्रियेचे. डॉक्टर होण्याची जी इच्छा गरिबीने खुंटली होती, ती अशा रीतीने फळास आली.

पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्या शहरात वैराचा आगडोंब उसळला. १९६९ पासून मोहल्ल्यामोहल्ल्यांत उंच भिंती उभ्या राहिल्या. १९९८ च्या शुभ शुक्रवारी समेटाचा करार झाला, तोवर ह्या कलहात साडेतीन हजारांवर माणसे मेली. त्या सगळ्या काळात तो कॅथलिक शिंपी आणि तो प्रॉटेस्टंट कारकून ह्यांचे मैत्र तुटले नाही. मधुमेहाने व अधू झालेल्या दृष्टीने १९८४ साली नोकरी सोडावी लागली, तरी जेम्स व्हाइटने आपले रुग्णालय बंद केले नाही. त्याच्या कथांची एकंदर बारा पुस्तके झाली. १९९९ च्या ऑगस्टमध्ये तो देवाघरी गेला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात विलिसही गेला.

कोणी म्हणेल, पुठ्ठ्याचे खेळ आणि आकाशातल्या गोष्टी ह्यांनी का वैर मिटते? मिटत नाही, हे आम्ही जाणतो. भिंती उभ्या राहिल्याच. परंतु भिंतीच्या अलीकडील एका माणसास भिंतीपलीकडील एक माणूस नावाने, हास्याने, हस्ताक्षराने ठाऊक होता. प्रभू येशूने शेजारी कोण ह्या प्रश्नाचे उत्तर देताना एका परक्या शोमरोनी प्रवाशाची कथा सांगितली, ती आपण जाणतोच. ज्यास आपण एरवी ओलांडून गेलो असतो, त्याच्यापाशी थांबण्याचे काही तरी निमित्त माणसास लागते. कोणास ते जखमी माणसाने मिळते, कोणास एखाद्या वेड्यावाकड्या छंदाने.

त्या माउलीच्या मनात आणखी एक शंका होती. ती तिने बोलून दाखविली नाही, पण आम्हांस दिसली. आकाशातल्या ह्या गोष्टींनी मुलाची श्रद्धा तर डळमळणार नाही? तिला आम्ही एवढेच सांगतो. ऑशविट्झच्या छळछावणीत १९४१ साली दुसऱ्याच्या जागी मरण पत्करणारे संत मॅक्सिमिलियन कोल्बे तरुणपणी रोममध्ये शिकत असता पृथ्वीच्या वातावरणापलीकडे जाणाऱ्या एका यानाचा आराखडा काढीत बसले होते. म्हणजे वहीत आकाशयाने काढणारा तुझा मुलगा पहिलाच नव्हे! व्हॅटिकनच्या वेधशाळेचे २०१५ पासून २०२५ पर्यंत संचालक असलेले येशूसंघीय ब्रदर गाय कॉन्सोलमॅग्नो हे उल्कापाषाणांचे मोठे अभ्यासक. विज्ञानकथांच्या मोठ्या ग्रंथसंग्रहाचा मोह पडून आपण तरुणपणी अमेरिकेतील एम्‌आयटी ह्या विख्यात संस्थेत शिकावयास गेलो, असे ते स्वतःच हसून सांगतात. आणि धर्मबंधू झाल्यावरही ते विज्ञानकथाप्रेमींच्या संमेलनांस आवडीने जात आले आहेत. त्यांच्यामागून २०२५ च्या सप्टेंबरात त्या वेधशाळेची धुरा फादर रिचर्ड डिसोझा ह्यांच्याकडे आली. ते पुण्यास जन्मलेले व येशूसंघाच्या गोवा प्रांताचे. ख्रिस्तसभेच्या वेधशाळेत आपल्याकडचा मुलगा संचालक होतो, तेव्हा आकाशाकडे पाहणाऱ्या मुलास घरी दटावण्याचे कारण उरत नाही.

हे वेड परदेशीच आहे, असेही कोणी समजू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी कोचीन येथील कृष्णाजी नारायण आठल्ये ह्यांनी आपल्या 'केरळकोकिळ' मासिकातून ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी मराठीत आणली. महाराष्ट्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या मराठी माणसाने हे केले, ह्याचा आम्हां सीमेवरच्या व परप्रांतीच्या मराठी वाचकांस अभिमान वाटावयास हवा. आणि डॉ. जयंत नारळीकर तर जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ. कोल्हापुरात जन्मून ते वाराणसीत वाढले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, नारायण विनायक जगताप ह्या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठविली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. नावाच्या मोठेपणावर नव्हे, तर कथेच्या गुणावर पारख व्हावी, ही त्यांची इच्छा. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले. पण त्यांच्या कथा वाचून आकाशाकडे पाहावयास शिकलेली मुले गावोगावी आहेत.

मग आईबापांनी काय करावे? आयझॅक असिमोव्ह हे ह्या कथांचे एक अग्रगण्य लेखक. त्यांचे वडील रशियातून अमेरिकेस आलेले, ब्रुकलिनमध्ये मिठाईचे दुकान चालवीत. दुकानात मासिके विक्रीस असत. पण असली मासिके म्हणजे निव्वळ कचरा, असे म्हणून ते मुलास त्यांना हात लावू देत नसत. १९२९ साली एका मासिकाच्या नावात 'सायन्स' हा शब्द आला. नऊ वर्षांच्या आयझॅकने तो दाखवून बापाचे मन वळविले आणि बापाने परवानगी दिली. त्या बापास त्या कथांतले काही कळले असेल असे नाही. त्याने एवढेच केले, की मुलाचे म्हणणे ऐकून घेतले. आम्हांस वाटते, आईबापांचे पहिले काम हेच होय. मुलाचा छंद समजलाच पाहिजे असे नाही. मूल समजले पाहिजे.

दुसरे काम सोबत शोधून देण्याचे. शाळेचे विज्ञानशिक्षक, तालुक्याचे ग्रंथालय, फादरांकडील पुस्तकांचे कपाट, शेजारच्या गावचा असाच एखादा मुलगा, ह्यांच्याशी त्याची गाठ घालून द्यावी. आणि तिसरे काम राखणीचे. शंभर वर्षांपूर्वी मुले मासिकात आपला पत्ता छापून मित्र मिळवीत. आज हातातल्या दूरध्वनीवर क्षणात हजारो समछंदी भेटतात. त्यांत सज्जन पुष्कळ, पण मुलाचे सोंग घेतलेले लांडगेही असतात. तेव्हा घराचा पत्ता, शाळेचे नाव, छायाचित्र अनोळखी माणसास द्यावयाचे नाही. कोणी 'घरी सांगू नकोस' म्हणाला, तर ते आधी घरीच सांगावयाचे. आणि भेटावयाचे झाल्यास वडील माणसास बरोबर घेऊन. परंतु हे नियम मूल पाळील केव्हा? घरी सांगण्याची त्यास सोय असेल तेव्हा. ज्या घरी वही फाडली जाते, त्या घरचे मूल आपले गुपित परक्यास सांगते. म्हणून सर्वांत पहिली राखण म्हणजे घरचा कान.

हे आम्ही त्या माउलीस थोडक्यात सांगितले होते आणि जाता जाता सुचविले होते, की त्यातली एखादी गोष्ट मुलाने घरच्यांस वाचून दाखवावी. गेल्या रविवारी ती पुन्हा भेटली. रात्री जपमाळ झाल्यावर मुलाने आजीस एक गोष्ट वाचून दाखविली म्हणे. आजीने सगळी ऐकली आणि एकच प्रश्न विचारला, "अरे, पण एवढ्या माणसांना त्या यानात पाणी कुठून आणणार?" मुलगा दोन दिवस त्या पाण्याचा हिशेब करीत बसला होता. तिसऱ्या दिवशी बाजारातून येताना बापाने एक कोरी वही आणली आणि काही न बोलता मुलाच्या पुस्तकांवर ठेवली. "आता जेवताना इतके बोलतो, की त्याला घास घे म्हणून सांगावे लागते," असे म्हणून ती हसली.

ओसाड रानात पाच हजारांचा समुदाय भुकेला असता एका पोरापाशी पाच भाकरी व दोन मासळ्या होत्या. इतक्यांस त्या कशा पुरणार, असे शिष्यासही वाटले. पण पोराची शिदोरी क्षुल्लक म्हणून प्रभूने ती टाकून दिली नाही. हाती घेतली, आभार मानले आणि वाटली. आपल्या घरातल्या पोराच्या शिदोरीत काय आहे, हे आज रात्री जेवताना त्यास एकदा विचारून पाहावे, एवढीच वाचकांस आमची विनंती आहे.